राउता दिसत नाही

१४ नोव्हेंबर

दुआर्तेला बाबांनी आणि मी दंडांना धरून सॉनातून, आमच्या वाफेच्या लाकडी खोलीतून, बाहेर काढलं आणि बर्फात बसवलं. मग स्वतःच्या अंगातून निघणारी वाफ त्याला दिसली आणि तो हसायला लागला.

बाबा म्हणाले, "जिवंत आहे. चला आत, दार उघडं राहिलंय."

"उठलं तरी चालतं, हे मला कोणी सांगितलं का नाही?" दुआर्ते मला विचारत होता.

"तुला कोणी धरून ठेवलं होतं?"

"तुम्ही दोघं बसला होतात. मला वाटलं, वेळ झाली नसेल."

"प्रत्येकाची वेळ वेगळी असते."

"मग एकमेकांना विचारत नाही तुम्ही? बाबा रे, पुरे का, निघू या का, असं?"

"सॉनात कोणी कोणाला बाहेर जा म्हणत नाही," बाबा म्हणाले. "ते ज्याचं त्याला कळतं."

"मला कळलं नाही ना, काका! मी मरत होतो!"

बाबांना हे फार आवडलं. जेवताना त्यांनी त्याला दोनदा माशाचं सूप वाढलं. दुआर्ते पोर्तुगालच्या नौदलातला. मित्रदेशांच्या आघाडीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक निरीक्षण तळावर एक अधिकारी दुसऱ्या देशाचा असतो. रास्तिवाराच्या डोंगरावरच्या आमच्या तळावर हा आला, आणि आल्यापासून थंडीला, आमच्या राईच्या पावाला आणि आमच्या गप्प बसण्याला शिव्या देतो आहे.

वरच्या फळीवर खिडकीजवळची जागा आम्ही रिकामी ठेवली होती. बाबांनी शेवटी दगडांवर एक ओगराळं जास्तीचं पाणी टाकलं. "हे ऑस्मोचं," म्हणाले.

आज दुपारी राउता या आमच्या अवकाशनौकेने इंजिन बंद केलं, पंख मिटले आणि ती थंड झाली. माझा धाकटा भाऊ ऑस्मो तिचा कप्तान आहे. सोबत पाच जण. बाबांना एवढंच माहीत आहे की तो वर आहे. कुठे, ते मी सांगू शकत नाही.

१५ नोव्हेंबर

ही वही तळावर नेत नाही. घरीच लिहिते. नियमाने हेही लिहायला नको. पण ऑस्मो परत आल्यावर त्याला विचारायचं आहे, अमुक दिवशी तू काय करत होतास, आणि तेव्हा मला माझं आठवायला हवं.

वर लपायला काही नाही. झाड नाही, धुकं नाही, डोंगराची पाठ नाही. काळं पातळ थंड पाणी असावं तसं सगळं पसरलेलं, आणि त्यात जे जे जिवंत ते ते गरम. माणूस, दिवा, पंप. गरम ते दिसतं. आमचे तीन डोळे, म्हणजे उपग्रह, पृथ्वीभोवती फिरतात, ते उष्णतेशिवाय काही पाहत नाहीत. पलीकडच्यांचेही, म्हणजे शत्रूचेही, तसेच आहेत, आमच्यापेक्षा जास्त.

राउताची युक्ती साधी आहे. आतली उष्णता बाहेर सोडायचीच नाही. पोटात बर्फाची मोठी टाकी आहे, पंप सगळी ऊब तिच्यात ढकलतो आणि बाहेरची कातडी थंड ठेवतो. बर्फ वितळेपर्यंत ती कोणाला दिसत नाही. मग पंख उघडायचे आणि साठलेलं सगळं ओकून टाकायचं. पंख एकाच बाजूला तापतात. ती बाजू पलीकडच्यांच्या डोळ्यांकडे नसली की झालं. म्हणून ती नुसती वाहत वाहत चंद्रामागच्या त्यांच्या तळावरून जाईल, काय आहे ते पाहील, आणि चंद्राच्या पलीकडे गेल्यावर, जिथे त्यांचं कोणी पाहत नाही तिथे, पंख उघडेल. पुढच्या शनिवारी.

माझं काम आपलीच नौका शोधण्याचं. ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. प्रश्न असा की, ज्याला ठाऊक नाही त्याला ती सापडेल का? रोज एक शब्द मुख्यालयाला कळवायचा. ‘दिसत नाही’ किंवा ‘दिसते’. ‘दिसते’ गेलं की राउताला ठरलेली आज्ञा जाते: लपणं संपलं, पंख उघडा, इंजिन लावा, घरी या. ती ऐकू शकते. उत्तर देऊ शकत नाही. बोलणंसुद्धा दिसतं.

आज ‘दिसत नाही’ कळवलं. जागा माहीत असल्यामुळे मला मात्र काहीतरी दिसलं. पंप चालू होतो तेव्हा कातडी किंचित थरथरते, तेवढाच एक ठिपका. मोठ्या अंतराने एक ठोका. मग पुन्हा काही नाही.

जायच्या आधी ऑस्मो म्हणाला होता, "एकदा तो पंपच बंद करून बघणार आहे मी. बघू तुला सापडतो का."

"सापडशील."

"पैज?"

लोकरी टोपी त्याने खुंटीवरच ठेवली. तिथे ऊब भरपूर असणार आहे म्हणाला.

१९ नोव्हेंबर

वाईट बातमी. पलीकडच्यांनी चंद्रापलीकडे एक नवा डोळा आणून ठेवला आहे. राउतामुळे नाही, त्यांना राउताचा पत्ताच नाही. त्यांच्या कुठल्या तरी सरावासाठी असावा. पण आता पंख उघडायला बाजूच उरली नाही. जिकडे उघडेल तिकडे कोणीतरी पाहत आहे.

कर्नल सालोवारा पडद्यावर आले. ते आमच्याच भागातले, केमिजार्वी गावचे. कामापुरतं बोलतात.

"डोळा दहा-बारा दिवसांनी सरकेल असा अंदाज आहे. बर्फ तेवढा पुरणार नाही. पुढे काय?"

दुआर्ते म्हणाला, "पुढे काय म्हणजे? शनिवारी पंख उघडायचे, इंजिन लावायचं, पळायचं. दिसतील, दिसू देत. त्यांचं अस्त्र पोहोचायला वेळ लागतो. सुटले तर सुटले, धरले गेले तर कैदी होतील. कैदी परत येतात."

"आणि पाहिलेलं सगळं वाया."

"हो. वाया."

कर्नलांनी ते लिहून घेतलं. मग मला म्हणाले, "राकेल, तुम्ही त्याला ओळखता. काय पाठवावं?"

मी म्हटलं, आपण इथे गार खोलीत बसून त्यांना काय सोसतं ते ठरवू नये. आत किती आहे ते त्यांना कळतं, आपल्याला नाही. मी कागदावर लिहिलं: ‘पलीकडे नवा डोळा आहे. जमेल तितकं थांबा. पंख कधी उघडायचे ते तुम्ही ठरवा.’

कर्नलांनी वाचलं. "योग्य आहे."

"हे योग्य नाही," दुआर्ते म्हणाला. "ही आज्ञाच नाही. तारीख द्या. अमुक दिवशी उघडा म्हणा, सुटतील बिचारे."

"ती सहा मोठी माणसं आहेत," मी म्हटलं. "शाळेतली मुलं नव्हेत."

"म्हणूनच सांगतोय."

"दुआर्ते, तारीख दिली तर त्याचा अर्थ काय होतो माहीत आहे? तुमच्याने होणार नाही असं आम्हाला वाटतं, असा होतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, कर्नलांकडे बघितलं. "तुम्ही दोघं एकाच गावचे का?" त्याने विचारलं. कर्नल चक्क हसले.

संदेश संध्याकाळी गेला. माझेच शब्द, एकही न बदलता. ऑस्मोला कळेल कोणी लिहिलं ते.

२१ नोव्हेंबर

आज पंख उघडायचे होते. उघडले नाहीत. थांबला.

सॉनात बाबा आणि मीच होतो. दुआर्तेला बोलावलं होतं, काम आहे म्हणाला. बाबा आज तळ्यावरून दोन मासे घेऊन आले होते आणि खुशीत होते. ऑस्मो आठ वर्षांचा असताना चुलतभावांबरोबर बसला होता ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. मोठी मुलं एकेक करून पळाली. हा वरच्या फळीवर बसूनच. ओगराळं याच्या हातात. हाच पाणी टाकतोय आणि हाच विचारतोय, "आणखी?" शेवटी उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं तरी विचारत होता. बाबांनी उचलून आणला तेव्हा कान भाजलेले.

मी विचारलं, "तुम्ही का नाही त्याला आधी बोलावलं?"

"त्याला? त्याने तोंड दाखवलं नसतं मला आठवडाभर." बाबांनी पाणी टाकलं. "आणखी?"

"टाका," मी म्हटलं. खरं तर मला पुरे झालं होतं.

तिथेही असंच चाललं असेल. ऑस्मो विचारत असेल, आणखी थांबू या? पाचही जण म्हणत असतील, थांबू. मी त्या पाचांना पाहिलं आहे. दोघी आणि तिघं. ‘नको’ म्हणणारं त्यांत कोणी नाही. निवडतानाच तसे निवडले आहेत.

२३ नोव्हेंबर

ठोके जवळ जवळ येत आहेत. बर्फ संपला असणार, पंपाला दम लागतो आहे. ठिपका पूर्वीपेक्षा जरा उजळ.

‘दिसत नाही’ कळवलं.

दुआर्तेने दुपारी मला थांबवलं. "आजचं चित्र दे. जागा सांगू नको. पूर्ण आकाश दे."

"कशाला?"

"मी शोधतो. मला सापडली तर त्यांनाही सापडेल."

हे नियमात बसतं, म्हणून दिलं. तो कॉफी न पिता बसला. खिडकीबाहेरचा निळा उजेड, आता दिवसाचा तेवढाच असतो, तोही गेला. मग त्याने मला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवलं. बोट बरोबर होतं.

"लिही," तो म्हणाला.

"तुला ठोका कसा असतो ते माहीत आहे. त्यांना माहीत नाही."

"मला जागा माहीत नव्हती."

"पण काय शोधायचं ते माहीत होतं. काही तरी आहे हेच त्यांना माहीत नाही. फरक आहे."

"राकेल. एक शब्द आहे. तो लिहिलास तर तुझा भाऊ आज पंख उघडतो."

"मग मी खोटं लिहू?"

"खरं काय आहे मग?"

मी चित्र बंद केलं. एवढा आवाज चढवून माझ्याशी तळावर कोणी बोललेलं नाही. तो बाहेर जाऊन बर्फात उभा राहिला, कोट न घालता, आणि कुडकुडत परत आला. मी त्याला कॉफी दिली. त्याने घेतली, आभार मानले नाहीत.

आता शांतपणे विचार करते. तो म्हणतो ते अगदीच चूक नाही. मोजमापाने पाहिलं तर काठावर आहे. पण ‘दिसते’ लिहिलं आणि नंतर कळलं की त्यांना दिसली नव्हती, तर? ऑस्मो एवढं सोसून बसला, आणि त्याला उठवलं कोणी, तर बहिणीने. ते तो मला कधी बोलून दाखवणार नाही. तेच वाईट.

२५ नोव्हेंबर

कर्नलांचा फोन. पलीकडे काही हालचाल नाही. कोणाला संशय नाही. "तुमचा भाऊ उत्तम काम करतो आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘उत्तम’ मी प्रथमच ऐकलं.

दुआर्तेने आतल्या हवेचा हिशेब मांडून माझ्या टेबलावर ठेवला. काल एकोणचाळीस अंश, आज त्याहून वर, आणि सहा माणसांच्या घामाने हवा ओली. मी आकडे तपासले. चूक सापडली नाही.

"सॉनात याच्या दुप्पट असतं," मी म्हटलं.

"सॉनातून बाहेर पडता येतं."

"त्यांनाही येतं. पंख उघडायचे, झालं. आपण तसं कळवलं आहे."

"हो, कळवलं आहे." तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि हळू बोलला, नेहमीसारखा नाही. "हे बघ. मी त्या दिवशी तुमच्या त्या लाकडी डब्यात बसलो होतो ना. मला उठायचं होतं. दार चार पावलांवर. कोणी अडवलं नव्हतं. आणि मी उठलो नाही. मी! ज्याला लाज कशाशी खातात ते माहीत नाही. मग नुसतं बसायचं नाही, उठायचं आहे, हेसुद्धा डोक्यातून गेलं. तुम्ही मला ओढून काढलंत. तिथे ओढणारं कोण आहे?"

मी म्हटलं, तू नवखा होतास.

‘दिसत नाही’ कळवलं. कळवताना हात जरा थांबला, हे इथे लिहून ठेवते.

२६ नोव्हेंबर

ठोके आता सारखे पडत नाहीत. तीन लागोपाठ, मग मोठी फट, मग एक. पंप बिघडला असेल का? ऑस्मो दुरुस्त करेल. लहानपणी बोटीचं इंजिन तो डोळे मिटून उघडत असे.

दिसत नाही.

२७ नोव्हेंबर

ठोका थांबला.

सकाळपासून नाही. तिन्ही डोळ्यांची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. काही नाही. राउताच्या जागी नुसता काळोख, आजूबाजूच्या काळोखाइतकाच थंड. इतकी वर्षं हे काम करते आहे, इतकं स्वच्छ चित्र पाहिलेलं नाही.

त्याने पंप बंद केला! म्हणाला होता ना. कसा केला ते त्यालाच ठाऊक. भिंतींतली उष्णता अडवायची काही तरी वाट त्याने शोधली असेल. मी पैज हरले. ‘दिसत नाही’ आज मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि पहिल्यांदाच लिहिताना मनात किंतु नव्हता.

कर्नलांनी तळासाठी काही गोड मागवायला सांगितलं. गावातल्या बेकरीतून वेलदोड्याचे गोड पाव आले. सगळ्यांनी कॉफी घेतली. दुआर्तेने पाव हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. मी त्याला चिडवलं, "हरलास, आता तोंड गोड कर." तो म्हणाला, "हो, राकेल." एवढंच. वादसुद्धा घातला नाही. मला त्याच्याबद्दल जरा वाईट वाटलं. चूक ठरलेलं कोणालाच आवडत नाही.

२८ नोव्हेंबर

दुआर्ते आज न बोलावता सॉनाला आला. बाबांनी त्याला अंगावर मारून घ्यायची भूर्जाच्या फांद्यांची जुडी दिली. तो वरच्या फळीवर बसला, ऑस्मोच्या जागेशेजारी. बाबांनी पाणी टाकलं, पुन्हा टाकलं. मी बाहेर जाऊन आले, तो बसलेलाच. डोळे मिटलेले, चेहरा पूर्ण ओला. बाबा बाहेर आले तरी तो आतच.

"शिकला शेवटी," बाबा म्हणाले.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. पुढे वाकून, कपाळ गुडघ्यांवर टेकून बसला होता. त्याला आत जाऊन काही म्हणावं असं वाटलं. पण तो स्वतःच्या मनाने बसला होता.

नंतर बाहेर आला, बराच वेळ पायरीवर बसला. बाबांनी बियरची बाटली उघडून दिली. ती धरून म्हणाला, "काका, तुमचा मुलगा घरात बोलायचा का हो खूप?"

"ऑस्मो? तोंडातून शब्द काढायला गळ टाकावा लागतो."

"माझा भाऊ झोपेतसुद्धा बोलतो," दुआर्ते म्हणाला, आणि हसला. बाबाही हसले. दोघांचं आता चांगलं जमलं आहे.

३० नोव्हेंबर

नवा डोळा सरकला. अंदाजाप्रमाणेच. चंद्रापलीकडची बाजू मोकळी आहे.

सकाळी राउताला संदेश गेला: ‘वाट मोकळी. पंख उघडा.’

आमचा तिसरा डोळा आता पंखांच्या बाजूकडे पाहू शकतो. पंख उघडले की ती बाजू दिवाळीच्या—

(हे वाक्य मी अर्धंच सोडलं. दुआर्तेच्या खोलीत एका भारतीय सहकाऱ्याने दिलेलं चित्र आहे, पणत्यांचं. ते डोक्यात होतं. साधं सांगायचं तर ती बाजू उजळून निघायला हवी.)

दिवसभर पाहिलं. काळोख.

तो सावध आहे. खात्री करून घेत असेल.

१ डिसेंबर

संदेश पुन्हा पाठवला. यावेळी कर्नलांनी स्वतः लिहिला. ‘ही आज्ञा आहे. उघडा.’

काही नाही.

कर्नल पडद्यावर आले. मी म्हटलं, संदेश घेणारं यंत्र उष्णतेने बिघडलं असेल. तसं होऊ शकतं. मग तो स्वतःच्या अंदाजाने चालत असेल. त्याला वाटत असेल डोळा अजून तिथेच आहे.

"होऊ शकतं," कर्नल म्हणाले.

दुआर्ते भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, "तूही काही तरी बोल."

"काय बोलू?"

"इतके दिवस बोलत होतास."

"तेव्हा उपयोग होता," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात कोणी असं करत नाही. मी तो काढला नाही.

३ डिसेंबर

आज दिसली.

पंख नाहीत. ठोका नाही. काळोखात एक फिकट, एकसारखी ऊब, सगळ्या कातडीवर सारखी पसरलेली. पहाटेच्या चित्रात नव्हती, दुपारच्यात आहे, संध्याकाळच्यात जरा जास्त. आत साठलेलं होतं ते भिंतींतून हळूहळू बाहेर येतं आहे. त्याला अडवणारं काही चालू नाही.

सॉनातली आग विझली तरी दगड कितीतरी वेळ गरम राहतात. आत कोणी नसलं तरी. हात लावला तर कळतं की मघाशी इथे कोणी तरी होतं.

दुआर्ते माझ्यामागे उभा होता. मी त्याला विचारलं, "कधीपासून?"

"सत्तावीस."

"तुला तेव्हाच कळलं."

"हो."

"सांगितलं नाहीस."

"गोड पाव आले होते," तो म्हणाला.

मी ‘दिसते’ लिहिलं. नियमाप्रमाणे आज्ञा गेली. लपणं संपलं, पंख उघडा, इंजिन लावा, घरी या.

५ डिसेंबर

कर्नल स्वतः आले. रोव्हानिएमीहून गाडी चालवत, एकटेच. गणवेशात. तळावर सर्वांना सांगितलं, मग मला म्हणाले, "वडिलांना मी सांगू?" मी नको म्हटलं.

घरी आले तेव्हा बाबा सॉना पेटवत होते. शनिवार. उद्या स्वातंत्र्यदिन, म्हणून त्यांनी खिडकीत दोन मेणबत्त्याही आणून ठेवल्या होत्या, उद्या संध्याकाळी लावायच्या. भट्टीत लाकडं रचत होते. मी दारात उभी राहून सांगितलं. कुठे, का, काय पाहायला गेला होता, सगळं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

बाबांनी हातातलं लाकूड आत सारलं. भट्टीचं झाकण लावलं.

"उष्णतेने?"

"हो."

"सहाही?"

"हो."

ते वरच्या फळीकडे पाहत होते. "दार होतं ना त्यांना?"

"होतं. पंख उघडले असते तर निघाली असती सगळी उष्णता. तसं करता येत होतं."

"मग कोणी सांगितलं नाही त्यांना उघडायला?"

"ठरवायचं त्यांच्यावर सोडलं होतं."

"कोणी?"

"मी. संदेश मी लिहिला."

भट्टीत लाकूड तडतडलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी खुंटीवरून ओगराळं काढलं, बादलीत ठेवलं.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "मीही तेच लिहिलं असतं."

मग कपडे काढून आत जाऊन बसले. मीही गेले. दुसरं काय करायचं ते कळेना. त्यांनी पाणी टाकलं. वाफ वर चढून छताला लागली आणि आमच्या पाठींवर उतरली. खिडकीजवळची जागा रिकामी. त्यांनी पुन्हा टाकलं, मग पुन्हा. माझे कान भाजायला लागले.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. छाती लालबुंद झाली होती, ओठ पांढरे. हातात ओगराळं धरून ते उत्तराची वाट पाहत होते.

"पुरे," मी म्हटलं. "बाबा, बाहेर चला."

त्यांनी ऐकलं नसावं असं वाटलं. मी त्यांच्या हातातून ओगराळं घेतलं, दंडाला धरलं आणि उठवलं. ते इतके हलके असतील असं वाटलं नव्हतं. दुआर्तेला बसवलं होतं तिथेच बर्फात बसवलं.

६ डिसेंबर

सकाळी सॉनाचं दार सताड उघडं होतं. रात्री वारा सुटला होता, दगडांवर बर्फ साचलेला. मी लावायला गेले तर बाबा पायरीवरून म्हणाले, "राहू दे." मग मी तळावर गेले. दुआर्तेने झेंडा चढवून ठेवला होता. राउता कालच्यापेक्षा स्पष्ट दिसत होती.